बोर्डाच्या कोपऱ्यातला श्रीकार

लातूरच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच दिवशी माझ्या हातात बैलाचा कासरा देण्यात आला. मी नांदेडच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन आलेली, पहिल्या वर्गात पास झालेली, नवा ड्रेस घातलेली. पोरगी कॉम्प्युटरवर बसणार म्हणून निलंग्याजवळच्या आमच्या गावात वडिलांनी पेढे वाटले होते. आणि इथं साठीला आलेला, पांढरी टोपी घातलेला एक माणूस कासऱ्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधून मला सांगत होता, "ताणून धर. हाव, असा. आता एक हिसका दे."

मी हिसका दिला. दोरातून एक उंचवटा पळत गेला, गजावर आपटला आणि उलटा होऊन माझ्या मनगटाला येऊन लागला.

"कामून परत आला?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. इम्पिडन्स, रिफ्लेक्शन, सूत्रासकट, एका दमात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे पेपरात लिहिलीस, मार्क बी मिळाले. आता हाताला काय लागलं ते सांग."

मग त्यांनी दुसरा दोर काढला. अर्धा जाड, अर्धा बारीक, मधे गाठ. हिसका गाठीपर्यंत गेला आणि तिथं फुटला. थोडा पुढं गेला, थोडा माझ्याकडं परत आला. "यंत्रातल्या सर्किट बोर्डावरची तांब्याची रेघ असाच दोर हाय," ते म्हणाले, "मधेच जाड-बारीक केलीस की सिग्नल फुटतो. परत आलेला तुकडा पुढच्या सिग्नलला धडकतो, आन मग काय खरं, काय खोटं, कुणालाच कळत न्हाई." त्या दिवशी दुपारपर्यंत मी हिसके देत बसले. कॉम्प्युटरला हात लागला तो तिसऱ्या दिवशी.

त्यांना सगळे वस्ताद म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. गाव देवणी तालुक्यातलं. डिप्लोमा करून हैदराबादेत एका कारखान्यात उमर घालवली, तिथं बोर्ड आखायला शिकले, आणि हैदराबादेतलं पाणी पचेना असं काहीतरी कारण सांगून परत आले. दर रविवारी देवणीला जाऊन यायचे. तिथं त्यांची दोन जनावरं होती, आणि सोमवारी सकाळी शेडमध्ये पहिली बातमी त्या जनावरांची असे. कामाच्या बातम्या त्यानंतर.

आमची कंपनी डाळ निवडायचं यंत्र बनवायची. तूरडाळ वरून पन्हाळीतून घसरत येते, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो, काळा किंवा सालीचा दाणा दिसला की हवेची फुंकर मारून त्याला बाजूला उडवतो. पापणी लवेपर्यंत शेकडो दाणे निघून जातात. कॅमेऱ्यानं काय बघितलं हे यंत्राच्या मेंदूपर्यंत तितक्याच वेगानं पोचवायचं, तेही बोर्डावरच्या केसासारख्या तांब्याच्या रेघांमधून. त्या रेघा आखायचं काम वस्तादांचं. बोर्ड दोन अंगांचा असे. वरच्या अंगाला रेघा, खालच्या अंगाला सलग तांब्याचा पत्रा.

"खालचं तांबं कशाला असतंय?" त्यांनी मला विचारलं होतं.

"ग्राउंड," मी म्हणाले.

"ते नाव झालं. काम सांग." मग स्वतःच सांगितलं. "वर तुझी रेघ धावती, खाली तांब्यात तिची सावली तिच्यासंगं धावती. सावलीच्या वाटेत खड्डा आला की ती वळसा घालती. मग वरची रेघ बिथरती आन शेजारणीच्या अंगावर जाती."

ही शेजारणीची भानगड त्यांच्या डोक्यात इतकी पक्की बसलेली होती की माणसांनाही ते तोच नियम लावत. दोन रेघा जवळजवळ लांबवर गेल्या की एकीतलं दुसरीत उतरतं. तसंच माणसांचं, असं त्यांचं ठाम मत. माझं टेबल स्टोअरवाल्या ताईंच्या टेबलाला लागून होतं. ताई फोनवर भाचीचं लग्न जमवत होत्या. वस्ताद एक दिवस पट्टी घेऊन आले, दोन टेबलांमधलं अंतर मोजलं आणि माझं टेबल खिडकीपर्यंत ढकलत नेलं. "मुलगा बँकेत हाय का शिक्षक हाय, हे तुझ्या ड्रॉइंगमध्ये उतरून राहिलं," म्हणाले. मला राग आला, पण ड्रॉइंग बघितलं तर खरोखरच एक रेघ दोनदा आखली होती.

दुसरी चीड 'चालतंय' या शब्दाची. आता लातुरात राहून 'चालतंय' शब्दाचा राग धरणं म्हणजे रोज स्वतःला त्रास करून घेणं. जोडणीवाला पोरगा म्हणायचा, "वस्ताद, लावून बघितलं, चालतंय." की झालं सुरू. "कुठं चालतंय? किती वेळ चालतंय? गरम झाल्यावर चालतंय का? धुळीत चालतंय का? का तू बघून राहिलास म्हणून चालतंय?" पोरगा मान खाली घालून परत बोर्ड लावायला जायचा. आमच्या साहेबांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, वस्तादांचं हे वागणं खपायचं नाही. साहेब वयानं वस्तादांपेक्षा वीस वर्षांनी लहान, डाळीच्या व्यापारातल्या घरातले, बोलायला गोड. त्यांना यंत्र महिनाअखेर गिऱ्हाइकाच्या दारात हवं असायचं आणि वस्ताद अजून कागदावर चालत असायचे.

कागदावर चालणं हे मी शब्दशः सांगते आहे. स्क्रीनवर त्यांचा विश्वास नव्हता. नवा बोर्ड आखून झाला की तो दहापट मोठा छापून आणायचे, खालचं तांबं फिकट निळं, वरच्या रेघा लाल. शेड झाडून घ्यायचे, कागद सतरंजीसारखा अंथरायचे आणि चपला काढून सगळ्यांनी त्यावरून चालायचं. एकेक रेघ पायाच्या अंगठ्यानं धरायची आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायचं. बाहेरचं कुणी आलं तर आम्ही कसलातरी खेळ खेळतोय असं त्यांना वाटायचं. एकदा बँकेचा माणूस दारातूनच परत गेला.

आणि नियम असा, की एक चूक दाखवल्याशिवाय चहा नाही. साहेबांनाही नाही. चूक कसलीही चालेल, पण खरी पाहिजे. पहिल्या महिन्यात मी दोनदा चहावाचून राहिले. पुढं युक्ती कळली. प्रत्येक बोर्डात एखादा आकडा उलटसुलट, एखादं नाव चुकलेलं असायचंच. तेवढं शोधलं की चहा पक्का. चहाबरोबर वस्ताद स्वतः पोहे मागवायचे.

त्यांच्या प्रत्येक बोर्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात श्रीकार असे. छापलेला नाही, खालच्या तांब्यात कोरलेला. सलग तांब्यात अंगठ्याएवढं 'श्री' तेवढं मोकळं. तयार बोर्ड ट्यूबलाइटसमोर धरला की त्या मोकळ्या जागेतून हिरवा उजेड यायचा, फार सुंदर दिसायचं. हैदराबादेपासूनची सवय. वही उघडली की आपण डोक्यावर श्री लिहितो, तसं ते नव्या बोर्डाची सुरुवातच श्रीकारानं करायचे. तो कोपरा नेहमी रिकामा असे, तिथून कुठलीच रेघ जात नसे.

आता गंमत बघा. कागदावरून आम्ही अनवाणी चालत होतो खरं, पण श्रीवर पाय कोण देणार? त्या कोपऱ्याला सगळे वळसा घालायचे. वस्तादही. ते तर तिथं आले की टोपीला हात लावायचे आणि बाजूनं पुढं जायचे. आम्ही सगळ्यांनी मिळून, भक्तिभावानं, प्रत्येक बोर्डाचा एक कोपरा कधीच तपासला नव्हता.

नांदेडच्या एका डाळमिलसाठी दोन कॅमेऱ्यांचं मोठं यंत्र करायचं ठरलं. दुसऱ्या कॅमेऱ्याला जागा करायची म्हणून त्याची वायर बोर्डाला लागते तो जोड शेवटच्या आठवड्यात वर उजवीकडं सरकवला. कागद अंथरला, आम्ही चाललो. मी कडेला उभी होते आणि मला दिसलं. निळ्या तांब्यात पांढरं श्री, आणि त्याच्या बरोबर वरून चाललेल्या आठ लाल रेघा. सगळ्यांत वेगवान रेघा. त्यांची सावली खाली श्रीच्या खड्ड्यात पडत होती.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. वस्तादांना कसं सांगायचं, की तुमचं श्री काढा? ते चाळीस वर्षं बोर्ड आखत आलेले, मी कालची. शिवाय देवाचं नाव. एवढ्याशा अक्षरानं काय होतंय, असंही मनाला सांगितलं. मग मी एका रेझिस्टरचा चुकलेला नंबर दाखवला. "शाब्बास," वस्ताद म्हणाले, आणि मी तो चहा प्यायले.

यंत्र नांदेडला गेलं. आमच्या शेडमध्ये, साहेबांच्या महिनाअखेरच्या घाईपायी, नुसतं दोन पोती डाळीवर, सावकाश चालवून बघितलं तेव्हा झकास होतं. मिलमध्ये पूर्ण वेगानं, दोन्ही कॅमेऱ्यांवर चालवलं की मात्र चांगले दाणे काळ्या दाण्यांबरोबर उडायला लागायचे. कॅमेरा बरोबर बघत होता. पण बघितलेलं पोचेपर्यंत वाटेत त्यात नसलेले ठिपके मिसळत होते. साहेबांनी आधी मिलच्या विजेला दोष दिला, मग अर्थिंगला. तिथं खड्डा खणून मीठ-कोळसा भरून झाला. स्टॅबिलायझर बसवून झाला. तीन आठवडे गेले. मिलमालकांनी यंत्र घेऊन जा म्हणून निरोप पाठवला.

साहेबांनी वस्तादांना सगळ्यांसमोर बोलावलं. आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट. "शनिवारपर्यंत सापडलं तर बरं. नाहीतर पुढच्या यंत्रापासून बोर्ड पुण्याहून तयार आणायचे. आपलं डिझाइनचं टेबल बंद करू."

वस्ताद "बरं" म्हणाले आणि जागेवर जाऊन पेन्सिलीला टोक करत बसले. ते टेबल बंद म्हणजे वस्ताद घरी. माझीही नोकरी गेली असती, पण मला दुसरी मिळाली असती. साठीच्या, डिप्लोमावाल्या, कागदावर चालणाऱ्या माणसाला दुसरं टेबल कोण देणार होतं? आणि हे सगळं मी एक वाक्य बोलले असते तर झालंच नसतं. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं एसटीनं नांदेडला निघालो. साहेब गाडीनं मागून येणार होते. वस्तादांनी स्कोप, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र, घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलेला. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, काय हाय? टीव्ही हाय का?" "हाव. पण एकच सिरियल लागती," वस्ताद म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. अहमदपूर ते लोहा मी मनात वाक्य जुळवत होते. पाच वेळा जुळवलं आणि पाची वेळा 'वस्ताद' या पहिल्या शब्दाशीच अडकले.

मिलमालक, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, दारातच उभे होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि सरळ यंत्रामागच्या ढिगाशी नेलं. "ही बघा. सोन्यासारखी डाळ. कचऱ्यात." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता. तो ऐकून वस्तादांची मान खाली गेली. त्यांची मान खाली गेलेली मी पहिल्यांदाच बघितली.

दोन तास ते यंत्राशी बसले. जोड बदलले, रेघांच्या शेवटचे रेझिस्टर बदलले, स्कोप लावून बघितलं. पडद्यावरची सरळ रेघ उडी मारून थरथरत होती. "हिसका परत येऊन राहिला, दिसतंय की," ते स्वतःशी पुटपुटत होते, "पण कुठून? गाठ कुठंच मारली न्हाई मी." बोर्ड त्यांनी चार वेळा उलटा केला. चारही वेळा नजर त्या कोपऱ्यावरून तशीच घसरून गेली, जशी कागदावर पावलं जायची.

बाहेर साहेबांची गाडी थांबल्याचा आवाज आला. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. मी त्यांच्या हातातून बोर्ड घेतला. विचारलं नाही, घेतला. छपराच्या पत्र्यात उजेडासाठी काचेची पट्टी होती, तिच्याखाली धरला.

"वस्ताद, ह्या कोपऱ्यात काय आहे?"

"श्री हाय."

"आणि श्रीच्या वरून काय जातंय?"

ते जवळ आले, चष्मा कपाळावर सरकवला. हिरव्या उजेडात श्री लख्ख दिसत होतं आणि त्याच्यावर आठ काळ्या रेघा. त्यांनी नखानं एकेक रेघ मोजली.

"कधी दिसलं तुला?"

"कागदावर. पहिल्याच दिवशी."

"आन मला रेझिस्टरचा नंबर सांगितलीस."

"हो."

मला रडू येत होतं, पण त्यांनी तिकडं बघितलंच नाही. पिशवीतून तांब्याच्या पट्टीचा रोल काढला, कात्रीनं अंगठ्याएवढा तुकडा कापला. साहेब आणि अप्पा तोवर शेजारी येऊन उभे होते. वस्तादांनी टोपी काढून बाजूला ठेवली, बोर्ड कपाळाला लावला आणि म्हणाले, "देवाला मी चुकीच्या जागी बसवलं. देव काय बोलणार बिचारा!" मग श्रीवर तांबं चिकटवलं आणि चारी कडांनी सोल्डरचा डाग देऊन ते बंद केलं. हात अजिबात हलला नाही.

यंत्र सुरू केलं. अप्पांनी स्वतः पूर्ण वेगाचं बटण दाबलं. मागच्या पन्हाळीतून फक्त काळे आणि सालीचे दाणे पडत होते. अप्पांनी ओंजळभर उचलून उजेडात नेले, बोटानं पसरले, आणि त्यात एकही पिवळा सापडेना तेव्हा मोठ्यांदा हसले. "श्री मी यंत्राच्या बाहेरनं काढतो की कुंकवानं," म्हणाले, "तिथं कुणाला आडवं येत न्हाई."

साहेबांनी लगेच पुढं होऊन सांभाळून घ्यायला सुरुवात केली. अप्पा, नवीन मॉडेल म्हटल्यावर सुरुवातीला थोडंफार असं होतंच, वगैरे. वस्तादांनी त्यांना मधेच थांबवलं.

"साहेब, थांबा जरा. अप्पा, ह्यात वीजबीज काही नव्हतं, तुमची काही गलती न्हाई. चूक माझी. एक न्हाई, दोन. पहिली ही," त्यांनी बोर्डावर बोट ठेवलं. "दुसरी तिच्यापेक्षा मोठी. ह्या पोरीला पहिल्या दिवशी दिसलं होतं आन माझ्यापुढं तिला तोंड उघडता आलं न्हाई. मी चुका काढायला शिकवून राहिलो, आन माझीच चूक काढायची म्हटल्यावर पोरीचं तोंड शिवलेलं. अशा वस्तादाचा काय उपयोग?"

सगळा दोष त्यांनी घेतला असं मात्र समजू नका. परतीच्या एसटीत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि पुढं महिनाभर कामापुरतंच बोलले. माझ्या वाट्याचा दोष माझ्याकडंच ठेवला होता त्यांनी, आणि ते बरोबर होतं. टेबल बंद झालं नाही. साहेबांनी तो विषयच परत काढला नाही.

पुढच्या बोर्डाचं ड्रॉइंग एका सकाळी माझ्या टेबलावर येऊन पडलं. खालच्या चौकटीत 'आखणारा' याच्यापुढं त्यांचं नाव होतं, नेहमीसारखं. त्याच्याखाली त्यांनी पेन्सिलीनं एक नवी ओळ वाढवली होती. 'तपासणारी', आणि पुढं माझं नाव. इतकी वर्षं त्यांच्या नावाखाली कुणाचंच नाव नव्हतं. मी विचारायला गेले तर म्हणाले, "तू सही केल्याबिगर हा बोर्ड शेडच्या बाहेर जायचा न्हाई. आन चूक असून सही केलीस, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार न्हाई."

मी दोन दिवस घेतले. कागद अंथरला आणि सगळ्या कोपऱ्यांतून चालले. एका ठिकाणी, अगदी मधोमध, त्यांनी घड्याळाची रेघ, म्हणजे बाकी सगळ्या सिग्नलांना ताल देणारी रेघ, एका स्क्रूच्या भोकाला खेटून नेली होती. खालचं तांबं तिथं तुटत होतं. मी लाल पेन काढलं आणि चौकटीत लिहिलं, नापास. आणि ड्रॉइंग त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं.

त्यांनी उभ्यानंच वाचलं. भोकावर बोट ठेवून बघितलं. मग टोपी नीट केली, वळले आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "साहेब, बोर्ड चार दिवस उशिरा जाईल! बाईसाहेबांनी मला नापास केलं!"

इतक्या मोठ्यानं सांगायची काहीच गरज नव्हती. पण जोडणीवाले, स्टोअरवाल्या ताई, दारातला वॉचमन, सगळ्यांनी हातातलं काम थांबवून ते ऐकलं. आणि वस्ताद हसत हसत खाली बसून रेघ खोडायला लागले.